मांडवाच्या बल्ल्या

जुन्या जालन्यातल्या इजहार इंजिनीअरला लोक खडूस म्हणत. पडलेल्या बांधकामांच्या खटल्यांत त्याला तज्ज्ञ म्हणून साक्षीला बोलवत, पण एकदा बोलावणारा वकील सहसा पुन्हा त्याच्या वाटेला जात नसे. वकिलाला तज्ज्ञ हवा असतो तो अशिलाची री ओढणारा. ह्या गृहस्थाला ते जन्मात जमलं नाही.

वाटूरच्या कारभारींच्या नव्या घराचा पोर्च कोसळला आणि त्यांची लेक शीतल त्याखाली सापडून मेली. तिचं लग्न तोंडावर आलेलं. खटला ठेकेदारावर झाला. इजहारने मोडलेला स्लॅब पाहिला. सळई वरच्या अंगाला हवी, ती काँक्रीट ओतताना दबून खाली गेलेली. दोष ठेकेदाराचा, धडधडीत. पण स्लॅबला खालून टेकू दिलेल्या बल्ल्या कारभारींनी काँक्रीट पक्कं व्हायच्या मुदतीआधीच काढल्या होत्या. लग्नाच्या मांडवाला बल्ल्या कमी पडत होत्या, एवढंच कारण.

"बल्ल्यांचं विचारलं तर काही संबंध न्हाई म्हणा," कारभारींचे वकील राजानंद म्हणाले.

"तसं मला म्हणता येणार नाही."

"अहो, तुम्ही आपले साक्षीदार ना?"

ह्या 'आपले'चीच इजहारला चीड होती. स्लॅब काय पक्ष बघून पडतो?

साक्षीत ठेकेदाराच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं. बल्ल्या राहिल्या असत्या तर पोर्च टिकला असता का? समोरच्या बाकावर कारभारी टोपी मुठीत धरून बसलेले.

"सळई दबली, हा मोठा दोष," तो म्हणाला. "पण बल्ल्या मुदतीपर्यंत असत्या तर कदाचित टिकला असता. खात्रीने सांगता येत नाही."

वकिलाने त्यातला 'कदाचित' तेवढा उचलला. संशयाचा फायदा मिळून ठेकेदार सुटला. निकाल ऐकायला इजहार मुद्दाम गेला होता. कशाला गेला कोण जाणे.

कोर्टाच्या फाटकाशी कारभारींनी त्याला गाठलं. "साहेब, मंग माझ्या पोरीला मीच मारलं म्हना की."

इजहारला त्या क्षणी स्वतःच्या खरेपणाचा वीट आला.

"न्हाई, कारभारीभाऊ. बिलकुल न्हाई. बल्ल्यांचा काहीच संबंध नव्हता."



"मंग हे आतमधी का न्हाई बोल्लात, साहेब?"