पुढे बसणाऱ्याचं काम

चौदा दिवस मी दाजींच्या पुढे चालत होतो आणि मला काडीचा पत्ता लागला नाही. मी शिंपी आहे. कॉलर अर्धा दोरा सरकली तरी मला दिसते, असं दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असतो. यापुढे ऐकवणार नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवतायत, एक ओरखडा नाही. नाकासमोर चालणारा माणूस. सकाळी बसच्या पायऱ्या स्वतः पुसतात, पोरं विसरून गेलेल्या पाण्याच्या बाटल्या काचेखाली ओळीने मांडून ठेवतात. यंदा शाळेच्या सुट्टीत त्यांनीच डोंगरातली बावीस दिवसांची पायवाट चालायचं काढलं. वाट संपली की तिसऱ्या दिवशी पुन्हा बसवर. "डोकं जरा मोकळं करायचंय," म्हणाले. वाटेवर मात्र रोज एकच पालुपद, "तू हो पुढे, मी आलोच मागून." माझ्या पावलावर पाऊल ठेवून यायचे. मला वाटलं, मेहुण्याला मान देतायत. मी आपला हरभऱ्याच्या झाडावर.

पंधराव्या दिवशी वाट नदीला भिडली. माझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं. काठावर एक बाई अरुंद, दोन माणसांच्या होड्या भाड्याने द्यायची. पाणी संथ आहे, दुपारपर्यंत आरामात पुढच्या मुक्कामाला पोचाल, म्हणाली. दाजी नको नको करत होते. "पायी निघालोय ना, पायीच जाऊ."

"सत्तावीस वर्षं लोकांना बसवून नेलंत, आज तुम्ही बसा," मी म्हटलं आणि त्यांचं काही चालू दिलं नाही.

बाईने वल्ही हातात देऊन बजावलं, "जड माणूस मागे, तो वळवणार. हलका पुढे. दगड दिसला की पुढच्याने ओरडून सांगायचं, एवढंच त्याचं काम." माझं पोट बघून जागा आपोआप ठरल्या.

तासभर मजेत गेला. मी बूट काढले, पाय पाण्यात सोडले, बेसूर गाणंही म्हटलं. मग भर उन्हात कपाटाएवढा काळा दगड समोर आला. दाजींच्या पाठीआडून मला तो उशिरा दिसला. आता सांगतील, मग सांगतील म्हणेपर्यंत होडी थेट त्याच्यावर आदळली. उलटलो नाही, हेच नशीब.

"दाजी, झोपलात की काय?"

"जागा आहे."

"मग दगड दिसला नाही?"

त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मागून मला नुसती त्यांची मान दिसत होती. ती न वळवताच म्हणाले, "मधलं दिसत नाही रे. कडेकडेचं दिसतं. वर्ष होत आलं. डॉक्टर म्हणाला, सुधारणार नाही. ताईला बोललो नाही."

मी वल्हं थांबवलं. "आणि बस?"

"रस्ता पाठ आहे. सिग्नलचं तेवढं..." ते अडखळले. "तुझी छकुली बसते ना पुढच्या सीटवर. ती सांगते, आतोबा लाल, आतोबा हिरवा. तिला खेळ वाटतो. एकदाही चुकली नाही पोर."

छकुली सात वर्षांची आहे. बसमध्ये चाळीस पोरं असतात. घरी येऊन ती सांगायची, आज बस मी चालवली, आणि आम्ही नवराबायको हसायचो. मला संताप यायला हवा होता. तोही येईना.

मी विचारलं, "सुट्टी लागायच्या आधी ती चार दिवस तापाने घरी होती. तेव्हा कोण सांगत होतं?"

"कुणीच नाही," दाजी म्हणाले.

काठ येईपर्यंत मी एकट्याने वल्हवलं. जमिनीवर पाय टेकताच फोन काढला, पण शाळेच्या ऑफिसचा नंबर माझ्याकडे नव्हता. दाजींनी तो तोंडपाठ सांगितला, एकेक आकडा सावकाश, आणि मी नीट दाबतोय ना, हे दोनदा विचारलं.