बावीस जणांचं ‘नाही’

“खाली गेल्यावर श्वास रोखायचा नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल,” गावकर म्हणाले.

“रोखला तर काय होतं?” कुलकर्णी मॅडमनी विचारलं. त्या आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर. कारण कळल्याशिवाय त्या कशालाच मान डोलवत नसत.

मालवणच्या किनाऱ्यापासून थोडं आत आमची होडी नांगर टाकून उभी होती. खाली प्रवाळ होतं, म्हणजे समुद्रातल्या बारीक जिवांनी बांधलेले खडक. पाणी इतकं स्वच्छ की होडीतूनच मासे दिसत होते. अर्धी टीम लाइफ जॅकेट घालून पाण्यावर पालथी तरंगत होती, तोंडात स्नॉर्केलची नळी. दर मिनिटाला कोणीतरी डोकं वर काढून ओरडायचं, “अरे, इकडे या, पिवळे पट्टेवाले!” हिंजवडीच्या ऑफिसात जी माणसं मीटिंगमध्ये तोंड उघडत नसत, तीच ही. मीही आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात उतरणार होतो. छाती धडधडत होती, पण आनंदानं.

पाठीवर सिलेंडर बांधून खाली जायचं ते स्कूबा. पहिले चौघे आपापल्या गाइडबरोबर नुकतेच खाली गेले होते. त्यात आसिफ होता.

“खाली पाण्याचा दाब असतो,” गावकर मॅडमना सांगत होते. ते तिथले मुख्य प्रशिक्षक. “तिथं छातीत भरलेली हवा वर येताना फुगते. श्वास चालू असेल तर ती आपोआप बाहेर पडते. अडकली तर फुप्फुस फाटू शकतं. ज्याचं फुप्फुस आधीच कमकुवत आहे, त्याला श्वास न रोखताही धोका. म्हणून तर फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न तो आहे.”

आसिफ जिथं उतरला होता, त्या बाजूच्या पाण्याकडे मी बघितलं.

मी कंपनीत ॲडमिन बघायचो. ॲडमिन म्हणजे बस, कँटीन, आयकार्ड, विम्याचे कागद आणि फॉर्म. इंजिनिअर मंडळींना फॉर्म दिला की तो कीबोर्डखाली जातो आणि तिथंच राहतो. म्हणून गेटपासपासून पार्किंगपर्यंत सगळे फॉर्म मीच एकगठ्ठा भरायचो, सह्यासुद्धा मीच ठोकायचो. सगळ्यांना ते माहीत होतं आणि सगळ्यांना सोयीचं होतं. गावकरांनी आठवडाभर आधी पाठवलेले प्रकृतीचे फॉर्मही मी तसेच भरले. दहा प्रश्न, बावीस माणसं, सगळीकडे ‘नाही’. खरं वाटावं म्हणून सह्यांना तीन वेगवेगळी पेनं वापरली.

आसिफ आमचा सॉफ्टवेअर टेस्टर, हडपसरचा. उंच, काटकुळा, चोवीस वर्षांचा. महाबळेश्वर म्हणणाऱ्यांचं मन वळवून ही सहल त्यानंच मालवणला आणली होती. आदल्या वर्षी ऑफिसात त्याच्या छातीत कळ आली. एक फुप्फुस अचानक मिटलं होतं. छातीत नळी घालून साठलेली हवा काढली. त्याचे विम्याचे कागद मी स्वतः पुढे पाठवले होते. हॉस्पिटलात बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायलाही गेलो होतो. आणि त्याच्याच फॉर्मवर मी ‘नाही’ लिहिलं होतं.

इथं एक गोष्ट लपवत नाही. मी लगेच बोललो नाही. गावकरांच्या आणखी दोन सूचना होईपर्यंत गप्प राहिलो. मॅडम शेजारीच बसल्या होत्या आणि माझ्या डोक्यात आसिफच्या आधी त्या सह्या आल्या.

मग म्हणालो, “गावकर, आसिफच्या फुप्फुसाचं आजारपण झालंय. गेल्या वर्षी. फॉर्म मी भरलेत. सगळे.”

गावकर माझ्याकडे बघत राहिले. “सगळे?”

“सगळे.”

“ओढून काढा त्याला वर,” मॅडम म्हणाल्या.

“नाही, मॅडम. धोका वर येण्यातच आहे. घाई केली तर घाईनंच बिघडेल.” बोलता बोलता गावकरांनी सिलेंडर आणि मास्क चढवला. होडीवाल्याला म्हणाले, “किनाऱ्यावर निरोप दे. गाडी आणि ऑक्सिजन तयार ठेवायला सांग. आता आणखी कोणाला खाली सोडू नको.” आणि ते पाण्यात गेले.

मी कठड्याला धरून बुडबुडे बघत राहिलो. आसिफचे कुठले, कसं कळणार? पाठीमागून कोणीतरी किंचाळलं, “कासव! कासव!” सगळे तिकडे पोहत गेले.

“गायकवाड,” मॅडम हळूच म्हणाल्या, “बावीस जणांच्या तब्येती एका दुपारी तपासल्यात. ऑफिसात कशाला राहिलात? दवाखाना काढायचात.”



नांगराच्या दोराजवळ आधी गावकरांचं डोकं दिसलं, मग आसिफचं. गावकरांनी त्याला दोराच्या आधारानं हातभर हातभर आणलं होतं, मधे थांबत, श्वास सोडायला लावत. आसिफनं तोंडातली नळी काढली.

“एवढ्यात कशाला आणलं? एक निळा मासा माझ्या काचेला नाक लावून बघत होता, गायकवाड सर! तुम्ही लवकर उतरा.”

“छातीत दुखतंय? धाप?” गावकरांनी विचारलं.

“काहीच नाही. अजून पाच मिनिटं द्या ना.”

मग मी त्याला सांगितलं. होडीत, सगळ्यांसमोर. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. हात आपोआप बरगडीवर, नळीच्या जुन्या खुणेवर गेला.

गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. फुप्फुस जागेवर होतं. डॉक्टर म्हणाले, नशीब. पुन्हा सिलेंडर लावायचा नाही, पण काही दिवसांनी पाण्यावर तरंगायला हरकत नाही.  दवाखान्याच्या बाकावर आसिफ त्या निळ्या माशाबद्दल पुन्हा सांगायला लागला, हातवारे करून. प्रवाळाच्या फांद्या हरणाच्या शिंगांसारख्या होत्या म्हणे. ऐकता ऐकता मलाही ते सगळं दिसायला लागलं. मी स्वतः त्या दिवशी पाण्यात उतरलो नाही.

निघताना तो म्हणाला, “सर, फॉर्म माझ्या हातात दिला असतात ना, तरी मी ‘नाही’च लिहिलं असतं. मला खाली जायचंच होतं.”

ऐकून मला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज अजून जात नाही. त्यानं खोटं लिहिलं असतं तर प्रश्न तरी वाचला असता. वाचून कदाचित पेन थांबलं असतं. कदाचित नसतंही. ते ठरवायचा हक्क त्याचा होता, आणि मी परस्पर वापरला होता.

पुण्यात परतल्यावर मी लेखी कबुली दिली. मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती. त्यानंतर मी कोणाचा साधा पार्किंगचा फॉर्मही भरला नाही. प्रत्येकाच्या टेबलाशी उभा राहायचो, तो लिहून होईपर्यंत. लोक वैतागायचे. एक मुलगा म्हणाला, “सर, तुम्हीच भरा ना, तुम्हाला सगळं माहीत आहे.”

“माहीत असतं,” मी म्हणालो. “लिहिताना आठवत नाही.”