तीन मिनिटं, ताशी पन्नास

माझी धाकटी बहीण गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाशी असलेला जादाचा ब्रेक वेळेवर दाबायचा, हे तिचं काम. म्हणून सगळे तिला ब्रेकताई म्हणतात. घरीसुद्धा तेच नाव चिकटलं.

एकोणिसाव्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. दिवसातून आठ-दहा वेळा संडासला जायची, आणि वजन असं उतरलं की कपडे अंगावर वाळत घातल्यासारखे दिसायचे. घरात निदानांना तोटा नव्हता. बाबा म्हणाले, बाहेरचं खाणं. मी म्हणालो, परीक्षेचं टेन्शन. आत्याने तर तिला खोलीत नेऊन दार लावलं.

"कोण आहे तो? खरं सांग, मी कुणाला बोलणार नाही."

"आत्या, पोटात दुखतंय गं माझ्या."

"तेच म्हणतेय मी. सुरुवात अशीच होते."

शेवटी आईने हिय्या करून तिला पोटाच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. नळी घालून आतडी तपासली, आतला बारीकसा तुकडा तपासायला गेला, आणि आठवड्याने डॉक्टरांनी आम्हा चौघांना समोर बसवलं.

"हा क्रोन्सचा आजार आहे."

"कोणाचा?" आईने विचारलं.

"क्रोन्सचा."

"अहो, पण दुखतंय तर हिचं!"

डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी कागदावर आतडं काढलं आणि सांगितलं, की शरीराचा पहारेकरीच बिथरलाय, घरच्याच माणसांना बडवत सुटलाय. आजार मुळासकट जाणार नाही, पण औषधांनी आटोक्यात राहील. महिनोन्‌महिने गप्प बसेल आणि मग काही कारण नसताना उसळेल.

"म्हणजे आत्यासारखं," ब्रेकताई म्हणाली.

कित्येक आठवड्यांनी आम्ही हसलो. बाबांना मात्र हसावं की नाही ते कळेना, कारण आत्या त्यांची सख्खी बहीण.

औषधांनी पुढच्या वर्षभरात ती सावरली. तिने आता बसून करायची नोकरी धरावी, असं बाबांचं मत होतं. "आणि संडासाच्या जवळची," असं ते हळूच जोडायचे. तिने बसूनच करायची नोकरी धरली, फक्त ती चालत्या गाडीत होती. बाबांनी डोक्याला हात लावला. "अगं, गाडीत सगळं असतं, नेमकं तेवढंच नसतं!"

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "मला आजार आहे. कधीकधी एकदम जावं लागतं. लागलं की दोन मिनिटंसुद्धा थांबता येत नाही."

मालक भिडस्त गृहस्थ. त्यांनी टेबलावरच्या पेन्सिली ओळीत लावल्या, मग उलट्या ओळीत लावल्या, आणि विचारलं, "हे अर्जात लिहायचं का?"

तिने शहरभर हिंडून एक वही तयार केली. कुठल्या रस्त्यावर कुठे संडास आहे, कडी लागते का, पाणी येतं का, पिशवी अडकवायला खुंटी आहे का. वाचनालयाला दहापैकी नऊ गुण होते. दातांच्या दवाखान्याला सात, कारण तिथे फुकट जाऊन आल्यावर दात दाखवावे लागत. मग शिकवणीचे रस्ते तिने त्या वहीवरून आखले. गाडी मागे घ्यायला वाचनालयासमोर, चढावर थांबायला पेट्रोलपंपापाशी. मालक इतर शिक्षकांना सांगत, "बघा, किती विचार करून रस्ते निवडलेत!"

तिच्याकडे गणिताच्या बाई शिकायला आल्या. वय एकसष्ट, बत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त. यजमानांची नजर अधू झाल्यामुळे गाडी आता बाईंनी चालवायची ठरलं होतं. चाळीस तास झाले तरी बाई दुसऱ्या गिअरच्या वर गेल्या नव्हत्या. स्टिअरिंग अशा धरत, जणू कुणी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पळवणार आहे. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात आणि वळून बघत.

एका सोमवारी सकाळी बाईंच्या घराकडच्या रस्त्यावर ब्रेकताईच्या पोटात कळ आली. पेट्रोलपंपाच्या दारात खणून ठेवलेलं. वाचनालयाला सुट्टी. कळ अशी, की उतरून जागा बदलणं दूरच, तिला सरळ बसवेना.

"बाई," ती दात आवळून म्हणाली, "तुमचं घर किती लांब?"

"अडीच किलोमीटर. का गं?"

"मला संडासला जायचंय. आत्ता."

बाईंनी काट्याकडे पाहिलं. गाडी वीसवर होती. मग काय झालं कोण जाणे, त्यांचा वर्गातला आवाज लागला.

"ताशी वीसने साडेसात मिनिटं लागतील."

"साडेसात नाहीत माझ्याकडे."

"किती आहेत?"

"तीन."

"म्हणजे पन्नास," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिसरा गिअर टाकला.

मग चौथा. एका ट्रकला त्यांनी मागे टाकलं, तेही इंडिकेटर देऊन. ब्रेकताईने एकदाही ब्रेक दाबला नाही. पाय हलवायची तिची प्राज्ञाच नव्हती.

बाईंचे यजमान दारात भिंग धरून पेपर वाचत होते. एक अनोळखी मुलगी त्यांच्या काखेखालून आत घुसली.

"कोण आहे? कोण आहे?"

"माझ्या मॅडम आहेत," बाई ओरडल्या, "वाटेतून व्हा आधी!"

ती पोचली, पण थोडक्यात हुकलं. आत कडी लावून ती रडत बसली. हे तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. चोवीस वर्षांची होते रे दादा, म्हणाली, आणि दुसऱ्याच्या घरात माझी अशी दशा.

दारावर टकटक झाली. "मी बत्तीस वर्षं शाळेत काढलीत," बाई बाहेरून म्हणाल्या. "वार्षिक परीक्षेच्या दिवशी पहिल्या बाकावर काय काय होतं ते मी पाहिलंय. त्यातला एक आज न्यायाधीश आहे. दार जरा उघड, कपडे देते."

फटीतून एक गाऊन आत आला. त्यावर परातीएवढाली सूर्यफुलं. ब्रेकताई तो घालून बाहेर आली, बाईंनी तिच्यापुढे ग्लासभर पाणी ठेवलं आणि घड्याळ पाहिलं. "माझी अजून अठरा मिनिटं शिल्लक आहेत," त्या म्हणाल्या. उरलेला तास गाऊनमध्येच झाला. मालकांनी सूर्यफुलं पाहिली आणि पेन्सिली ओळीत लावायला घेतल्या.

बाई परीक्षेत पास झाल्या. परीक्षकाने शेरा मारला, वेग कमी ठेवावा.

पण ती कळ म्हणजे नुसती सुरुवात होती. पुढच्याच आठवड्यात आजाराने उचल खाल्ली आणि ब्रेकताई बारा दिवस इस्पितळात होती. तेव्हा विनोद करायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडायची. बाई रोज स्वतः गाडी चालवत यायच्या, शेजारी बसून कोडी सोडवायच्या आणि फारसं बोलायच्या नाहीत. डॉक्टरांनी औषध बदललं. आता दर आठ आठवड्यांनी अर्धा दिवस जाऊन ते सलाईनमधून घ्यावं लागतं. तिथल्या नर्सला तिने दोन भेटींत चौकात गाडी कशी वळवायची ते तोंडी शिकवलं.

यंदा तिने सुट्टी काढली आणि एकटी गाडी घेऊन समुद्रावर निघाली, सहाशे किलोमीटर. बाबांनी औषधांची यादी चार ठिकाणी लिहून ठेवली. आईने सात जोड कपडे भरले. आत्या म्हणाली, "एकटी कशाला जाईल? कोणीतरी आहे नक्की."

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, तो मी सगळ्यांसाठी स्पीकरवर टाकला. मागे लाटांचा आवाज होता.

"पोट कसंय?" मी विचारलं.

"गप्प आहे. दादा, आत्याला सांग, आहे एकजण. रोज सकाळी भेटतो, चार पाय आहेत, आणि माझी चप्पल घेऊन पळालाय. थांब, तो बघ आला!"

आणि ती फोन चालूच ठेवून त्याच्यामागे धावली. आम्ही सगळे इकडे लाटा ऐकत बसलो.