बापूरावांचा जळफळाट

बापूराव आर्वी डेपोचे रिटायर ड्रायव्हर. उभ्या नोकरीत आपल्याला कोणाच्या बापानं ओव्हरटेक केलं नाही, असं ते छातीठोक सांगत. बाजाराला निघाले की ते पुढे आणि बायको सुलोचनाबाई मागे, हा संसाराचा पहिला नियम. आणि आता तीच बाई पहाटे बूट घालून, पदर खोचून मैदानावर जायची, आणि परत येताना त्यांच्या पुढून झपझप घरात शिरायची. बापूरावांच्या पोटात दुखायचं ते इथंच.

मैदानावर नत्थूजी, शाळेतले जुने पीटी मास्तर, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून कसरत करून घेत. "भाभीजीनं आज गव्हाचा अर्धा कट्टा उचलला, बापूराव!" अर्ध्या पोत्याची ही बातमी त्यांनी भर चौकात दिली, तेव्हा बापूरावांनी चहा अर्धवट टाकला. बायकोचं कौतुक परक्याच्या तोंडून ऐकणं वाईट, आणि ते खरं असणं त्याहून वाईट.

"या वयात पैलवानकी कायले पाह्यजे वो तुले?" त्यांनी घरी येऊन विचारलं.

"पाह्यजे," म्हणून सुलोचनाबाई कणीक मळायला लागल्या.

माणूस जळायला लागला की आधी अक्कल जळते. बाई शेजारी गेल्या तशी बापूरावांनी ओसरीतल्या तुरीच्या कट्ट्याला मिठी मारली. अर्धा नाही, चांगला भरलेला. कट्टा तसूभर हलला नाही. बापूरावच मागच्या मागे बसले. मोडलं काही नाही, पण उठताही येईना. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारी जमले असते, आणि उद्या नत्थूजीला कळलं असतं.

सुलोचनाबाई आल्या. ओरडल्या नाहीत. नवऱ्याच्या मागे उकिडव्या बसल्या, काखेतून हात घालून त्याला गच्च धरलं, "पाय रोवा" म्हणाल्या आणि एका दमात उभं केलं.

"मास्तरनंच शिकवलं असन हे," बापूराव कुरकुरले. जळफळाट अजून गेला नव्हता.

"मीच म्हटलं त्याइले, हे पयले शिकवा." त्या दम घेत म्हणाल्या, "मागच्या साली न्हाणीत पडले होते तुम्ही. माह्याच्यानं उचलनं झालं नाई. गल्लीतले मानसं बोलवा लागले. तुमच्या आंगावर कपडा नोता, अन् तुम्ही भिंतीकडं तोंड करून रडत होते. तवापासून मैदानावर जाऊन राह्यली मी."

बापूराव नीट उभे होते, तरी त्यांनी बायकोचा खांदा सोडला नाही.