चौथ्या तासाची हाक

शाळेतल्या मावशींचा आवाज खणखणीत होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता. झाडू मारणं, जिने पुसणं, घंटा देणं ही रोजची कामं. पण खरा मान चौथ्या तासाचा. तास संपायच्या आत त्या वर्गावर्गाच्या दारात उभ्या राहून हाक देत, "मोफतवाले, चला जेवायला." गरीब घरची पोरं खाली मान घालून उठत, बाकीची बघत बसत. ही रीत मोठ्या बाईंची. गरम अन्न गरमच मिळावं, एवढाच म्हणे हेतू. शिवाय पाहुणे आले की रांग दाखवता येई. दान दिसलं नाही तर देणाऱ्याचं पोट भरत नाही.

मावशींची मुलगी चिमणी त्याच शाळेत, नववीत होती. फी माफ होती. शाळेत आई म्हणून हाक मारायची नाही, असं मावशींनीच तिला बजावलं होतं. पोरीच्या हाती झाडू येऊ नये म्हणून त्या दुखरे गुडघे ओढत जिने चढायच्या. चिमणी मात्र मोफतवाल्यांत कधी उठायची नाही. "डबा आणलाय," म्हणायची. डबा रिकामा असायचा.

एकदा कवायतीत ती चक्कर येऊन पडली. मोठ्या बाईंनी मावशींना बोलावून घेतलं.

"मावशी, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? जेवण नको म्हणजे गरज नाही. गरज नाही, तर फी तरी का माफ करायची?"

"उद्यापासून उठेल, बाई."

घरी चिमणीनं हात जोडले. "आई, मागच्या दाराशी दे ना ताट. सगळ्यांदेखत नको."

एवढं साधं मागणं मावशींनी वर पोचवलंच नाही. मागायला जावं आणि आहे तेही जावं, ही धास्ती. गरिबाला कुणी मुकं करावं लागत नाही, तो आपणहून तोंड शिवून घेतो.

दुसऱ्या दिवशी मावशींनी हाक दिली. चिमणी वहीत डोकं खुपसून बसली. मावशी आत गेल्या आणि तिचं मनगट धरलं.

"ऊठ. ताट गार होतंय."

"कोण तुम्ही? मी नाही ओळखत तुम्हाला," चिमणी म्हणाली.

मावशींनी फाडकन मुस्कटात मारली. "आईला ओळखत नाहीस?"

वर्ग खो खो हसला. चिमणी उठली, रांगेत बसली आणि सगळं ताट चाटूनपुसून जेवली. त्यानंतर ती वर्गात आली नाही. मावशींनी मारून पाहिलं, पाया पडून पाहिलं.

वर्षभरात मावशींच्या गुडघ्यांनी हात टेकले. मोठ्या बाईंना दया आली. "तुमच्या जागी मुलीला पाठवा. घरी बसून काय करणार आहे ती? तुमच्या घराला शाळेचा आधार आहेच," त्या म्हणाल्या.

पगाराच्या दिवशी मावशी लंगडत शाळेत आल्या आणि जिन्याच्या पायथ्याशी टेकल्या. चौथा तास चालू होता. वरून हाक आली, त्यांच्याहून खणखणीत. "फुकटे, उठा."

मावशींनी वर पाहिलं. झाडू काखेत धरून चिमणी एका लहान पोरीला मनगटाला धरून फरफटत आणत होती. पोर रडत म्हणत होती, "ताई, मी डबा आणलाय."

"उघडून दाखव," चिमणी म्हणाली. सगळा वर्ग दाराशी जमला होता.