पार्सलच्या काट्यावर

पूर्णा गावातल्या आमच्या गोदामात शेट दर सोमवारी स्वतःचं वजन करायला यायचे. दवाखान्यातला काटा दीडशे किलोच्या पुढे जात नव्हता, म्हणून डॉक्टरांनीच पार्सलचा काटा सुचवला होता. चपला, घड्याळ, गळ्यातली जाड साखळी काढून ते माझ्याकडे देत आणि श्वास रोखून काट्यावर चढत. आकडा मी डॉक्टरांसाठी चिठ्ठीवर लिहून देत असे.

"शेट, पार्सल कुठं पाठवायचं?" हमाल विचारत.

"घरी. पन टेम्पो मोठा मागवा," असं म्हणून ते सगळ्यांच्या आधी हसत.

गोदामाच्या जागी पूर्वी त्यांचं भातशेत होतं. शेत गेल्यापासून गोदामाच्या फाटकाजवळ खुर्चीत बसणं आणि येईल त्याच्यासोबत वडापाव, थंडा घेणं, एवढंच काम उरलं. मग साखर वाढली, गुडघे गेले. डॉक्टर रोज चालायला सांगत, पण गुडघे चालू देत नसत.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ही नोकरी मला त्यांच्याच शब्दावर मिळाली.

गेल्या महिन्यात ते हळूच म्हणाले, "बाला, दहा किलो कमी लिव. वजन उतरल्याबिगर डॉक्टर गुडघ्याचं ऑपरेशन करत न्हाय."

"शेट, एवढ्या वजनात भूल देताना जिवाला धोका असतो."

"जीव माझा हाय ना?"

मी खरा आकडा लिहिला. त्यांनी चिठ्ठी वाचली, साखळी गळ्यात घातली आणि निघून गेले.

आता सोमवारी ते येत नाहीत. चाळीस पावलांवर, फाटकाजवळच बसलेले असतात. खुर्ची मात्र त्यांनी रस्त्याकडे वळवून घेतली आहे.