सगळीकडं पाच

चाकणच्या कंपनीत आम्ही नवराबायको एकाच लाइनीवर, गाड्यांच्या वायरी बांधायला. मी चौथीपर्यंत शिकलेलो, पण लाइनीवर सगळ्यांत जुना. म्हणून वर्षाला तो मनाचा फॉर्म आला की वाटायचं काम माझ्याकडं. कामावर कसं वाटतं, साहेब ऐकून घेतो का, असले प्रश्न. प्रत्येकापुढं पाच चौकोन. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी खरं. नाव लिहायचं नाही.

आकडे कमी आले की साहेब शिफ्ट सुटल्यावर मीटिंग लावायचा आणि सगळ्यांची बस चुकायची. म्हणून मीच ठरवून दिलेलं, सगळ्यांनी सगळीकडं पाच. वाचत बसायचं नाही.

बायको मात्र वाचायची. त्या वर्षी मधल्या एका ओळीवर तिचं बोट थांबलं. ‘कामावर येताना छातीत धडधडतं.’

“अवं, हितंबी पाचच?”

“सगळीकडं म्हंजी सगळीकडं. आटप, चहा गार हुतोय.”

तिनं खूण केली. इतकी दाबून की कागद फाटला.

आठवड्यानं फॉर्मवाल्या मॅडम आल्या. म्हणाल्या, काका, तुमची लाइन खूश पण आहे आणि घाबरलेली पण. असे उलटे प्रश्न आम्ही मुद्दाम घालतो, कोण न वाचता भरतं ते कळायला. तुमचे सगळे कागद बाद केले. लाइन हसली. मीही हसलो. बायको हसली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

दिवाळीच्या आधी पुनावळ्याच्या स्टॉपवर कंपनीच्या बसची वाट बघताना ती खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टरनं विचारलं, आधी काही त्रास सांगत होत्या का. मी नाही म्हणालो.

मॅडमकडं तो फाटका कागद मागायला गेलो. तो केव्हाच रद्दीत गेलेला. एक तरी कागद खरा होता, एवढं सांगून आलो.

घरी चहा ओतताना अजून मागून ऐकू येतं, हितंबी पाचच? मी वळत नाही. वळून दिसणार काय.

यंदा परत फॉर्म आले. तिच्या जागेवर आता परभणीकडची एक बाई उभी असते. तिनं नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “काका, इथं बी पाचच टाकू का?”

मी हातातले बाकीचे फॉर्म खाली ठेवले.

“वाच आधी. तुझं जे आसंल ते टाक. बस चुकली तर चुकू दे.”

तिनं हाताचा आडोसा करून खूण केली. मी बघितलं नाही. पेन दाबल्याचा आवाज तेवढा आला.